मोहाखालचा पाला

१२ फेब्रु.
काम भेटलं! सुपरवायझर साहेब कटंगीहून आले, चारचौघांत मोबाईल देल्ला अन् हिरवी टोपी. रानातल्या आगीवर नजर ठेवाची. गावच्या रानाचं कुठल्याशा थंड देशाशी बोलणं झालं म्हणे. आपली झाडं जेवढा धूर गिळतीन, तो त्या देशाच्या धुरातून वजा होईन, अन् त्याचा पैशाचा वाटा गावाले भेटन. अन् आपल्या देशानंही जगाले शब्द देल्ला आहे, दोन हजार सत्तरपर्यंत जेवढा धूर सोडू तेवढाच जिरवू. माया नवऱ्यानं मधातच साहेबाच्या हिंदीत इचारलं, "मतलब, उनका धुआँ चालू रहेगा?" साहेब नुसते हसले.
घरी बुढी म्हणते, टोपीवाली बाई आता शेण उचलन का मी उचलू? सासू आहे. काही ना काही टोचल्याशिवाय तिचं अन्न पचत नाही.

१९ फेब्रु.
सभा. यंदा मोहाखालचा पाला जाळाचा नाही. कुठं पेटलं त उपग्रहाले वरून समजते, मंग साऱ्या गावाचा वाटा कटते. फुलं पडाच्या आधी झाडाखाली जाळून जागा साफ करणं, हे इथं अंगण झाडण्यासारखं आहे. पाल्यात फूल सापडत नाही, वरून विंचू. साहेब म्हणे, झाडून घ्या. स्वतः कधी झाडलं असन तर ना!
मंग म्हणाले, ये सब आनेवाली पीढ़ी के लिए है. बुढी उठून उभी राह्यली. "पिढी? माया घरी कुठची पिढी साहेब? ह्या सूनबाईले इचारा. रिकामी कूस घेऊन बसली आहे."
सारे हसले. साहेबाले मराठी समजलं नाही, सारे हसले म्हणून तोही हसला. नवरा मान खाली घालून.
मले मरावंसं नाही वाटलं. बुढीनं मरावं असं वाटलं.

२४ फेब्रु.
नाल्याकाठचा मोठा मोह बुढीचा. तिच्या सासूनं तिले देल्ला. इथं झाडं घराघराची ठरलेली. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वाकत नाही, अन् सासूचं झाड सुनेले, ही रीत. आज भाकरी थापता थापता म्हणते, झाड लेकीले देतो, तिले लेकरं आहेत. नणद तुमसरले राहते. मोह वेचाले तिथून येणार काय?
मी हौ म्हटलं. भाकर करपली.

६ मार्च
भर दुपारी मोबाईल वाजला. लाल ठिपका, नाल्याकाठी. धावत गेली.
बुढीच. पाल्याचे लहान लहान ढीग करून जाळून राह्यली होती, बाजूले पाण्याचा गुंड, हातात ओली फांदी. आग हातभर बाहेर जाऊ देल्ली नाही तिनं. तेवढं मानलं पाहिजे.
म्हटलं, माय, वरून दिसते म्हणून सांगतलं होतं ना?
"म्हणून त उन्हात पेटवलं. रातच्याले दिसलं असतं. भर उन्हात दिवा लावला त कोणाले दिसते वो?"
मोठी हुशारी केल्यासारखी पाहत होती. मी मोबाईल वर केला त पदर नीट करून उभी राह्यली. तिले वाटलं, तिचा फोटो काढून राह्यली.
फोटोच काढला. कोणी पेटवलं माहीत नाही, असं साहेबाले सांगता आलं असतं. मी नाव सांगतलं. सासऱ्याच्या नावासकट, पूर्ण.

९ मार्च
साहेब आले. गावाचा वाटा कटला. मोठ्या मोहाले तार मारली, बुढीले यंदा आत जाणं बंद. बाया लय बोलल्या तिले. आपापल्या झाडाखाली सभेच्या आधीच जाळून बसलेल्या, त्याच जास्त. मले नारळ देल्ला, टाळ्या वाजवल्या.
बुढीनं मायाकडं एकदा पाह्यलं.
मले बरं वाटलं. खोटं काहून लिहू, लय बरं वाटलं.

२१ मार्च
पाहुणे आले, त्याच थंड देशाचे. एक उंच बाई, उन्हानं नाक लालभडक. साहेब म्हणे, तुमच्या सासूले आणा, फोटोत म्हातारी चांगली दिसते. उभी केली तारेपाशी. आत फुलं पडून राह्यली होती, वासानं डोकं भणभणत होतं. साहेबानं सांगतलं, माँजी, दो शब्द बोलिए. बुढी म्हणाली, "हे झाड मायं आहे. ह्या पाहुण्यायले म्हणा, एक दिवस मले आत जाऊ द्या."
साहेबानं इंग्रजीत लंबंचौडं काहीतरी सांगतलं. त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बुढीचे हात धरले, मान हलवली, अन् मायासारखी टोपी तिच्या डोक्यावर ठेवली.
बुढीले वाटलं, परवानगी भेटली.

२२ मार्च
पहाटेच टोपली घेऊन गेली, टोपी घालून. तारेपासून तिले परतवलं.
मीच परतवलं. कामच आहे ते मायं.

३० मार्च
बुढी अर्ध्या भाकरीवर उठते. मायाशी बोलणं बंद, शिव्याही बंद. पहाटे तारेपाशी जाऊन बसते. फुलं सडून राह्यली, हरणं खाऊन जातात. नवरा म्हणे, तू बरं नाही केलं. मंग म्हणे, जेवाले दे.
सायंकाळी साहेबाचा फोन. जो झाड राखते त्यालेच झाड, असं ठरलं. मोठा मोह आता माया नावानं. नणदेचं नाव निघालंच नाही.
बुढीले सांगतलं. तिनं हौ म्हटलं.

४ एप्रिल
आज वेचाले गेली. तार काढलेली. पाला पोटरीपर्यंत. एक फूल काढावं त चार पानं हातात. उन्हं वर आली, कंबर मोडली, टोपलीचं बूड झाकलं नाही. पाला झाडून पाह्यला, वाऱ्यानं पुन्हा तिथंच. रडू आलं, रागानं.
बुढी कधी आली समजलं नाही. बाजूले बसून पाहत होती. मंग उठून जवळ आली, कमरेची काडीपेटी काढली, माया हातावर ठेवली.
"घे. पेटव. मी कोणाले नाही सांगत. मले कुठं मोबाईल येते."
इतक्या दिवसांनी बोलली अन् हे बोलली. आवाज एकदम मायेचा. मोबाईल माया दुसऱ्या हातात होता. मी तशीच उभी, ती तशीच उभी.
न पेटवता तशीच घरी आली. काडीपेटी इथं उशाशी आहे. बुढी जेवली आज, पोटभर. म्हणे, उद्या पहाटे लवकर उठवजो, मीपण येतो तुयासंगं.