भावजी कोणाचे?

अहो,

“धाकट्याला एकटं पाडू नकोस गं,” असं आई शेवटच्या दुखण्यात मला सांगून गेल्या होत्या. आज भावजींचं ऑपरेशन आहे. आत नेण्याआधी पोहोचते, असा शब्द मी त्यांना दिलाय.

“तो आपला कोणी लागत नाही,” असं तुम्ही काल म्हणालात. आज पहाटे नेहमीसारखी “प्रभू, मी तुझी,” म्हणायला गुडघे टेकले आणि तिथेच अडले. भावजी कित्येक वर्षांत चर्चची पायरी चढले नाहीत. पण म्हणून ते देवाचे राहिले नाहीत का? आणि देवाचे असतील, तर आपले कोणीच नाहीत, हे कसं? तुम्हाला काय वाटतं, खरंच सांगा.

डबा ओट्यावर आहे, रागावलात तरी खा. तुमची झोपमोड नको, म्हणून चपला हातात घेऊनच निघते.