खारा बर्फ

प्रिय नार्सिसा,

तुझं द्रावणांवरचं पुस्तक पोचलं. मुखपृष्ठावर आपलीच तांब्याची कढई, बर्फात बसवलेली. आत लिहिलंयस, पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरतात तेव्हा बर्फ होतो; मीठ मध्ये घुसून त्यांना धरू देत नाही, म्हणून खारा बर्फ शून्याच्याही बराच खाली उतरतो. छान लिहिलंयस. आपल्या इबार्रा गावात कढई फिरवून आइस्क्रीम करणारी कुठलीही बाई हे सांगेल, फक्त तिला कोणी पुस्तक लिहायला सांगत नाही.

प्रस्तावनेत आपली गोष्टही घातलीस. राजधानीत, कितोच्या शाळेत जागा एकीलाच होती. आईने बर्फाची दोन घमेली मांडली. जिचा हात जास्त टिकेल ती जाणार. ‘थोरली आधी ओरडली, मी दातओठ आवळून बसले.’ आलेली प्रत आइस्क्रीमच्या दुकानात ठेवली, ती चाळून गिऱ्हाइकं विचारतात, “काय हो एदिल्माबाई, एवढीशी थंडी सोसवली नाही?” मी हसते. दुसरं काय करू?

माझी दोन बोटं तेव्हापासून बधिर आहेत. हात बाहेर काढल्यावर मी ती तोंडात घातली होती, नार्सिसा. खारट लागली. घमेली आईने भरली होती, म्हणजे मीठही तिचंच, कामाचे हात घरात राहावेत म्हणून. आईची तक्रार कोणाकडे करायची? एकतीस वर्षं तो राग मनात ठेवला. तिला धड एक गोड शब्द दिला नाही. आजारपणात औषध दिलं, तेही तोंड फिरवून.

मार्चमध्ये, जाण्याच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, “अगं, मी नव्हे. धाकटीने मूठभर टाकलं. मी बघितलं नि गप्प बसले. तुझ्यावाचून कढई कोण फिरवणार होतं?” मग ती माझी बोटं चोळू लागली. मी हात काढून घेतला. आता त्याचा पश्चात्ताप होतो, आणि तोही तुझ्याच खात्यावर मांडते.

प्रकाशनाला बोलावलंयस, मंचावर कढई फिरवून दाखव म्हणतेस. मी येणार नाही. तूच ये, रविवारी, दुकान बंद असतं. घमेलं मांडून ठेवते, मीठ घातलेलं. मी एकशे दहा मोजेपर्यंत टिकले होते, तेवढंच मोजेन. तुझा हात टिकला, तर प्रस्तावना आहे तशी राहू दे. नाही टिकला, तर पुढच्या आवृत्तीत मीठ कोणी टाकलं तेही लिही.

तुझीच, आधी ओरडलेली,
एदिल्मा