लाल ब्लाउज आणि शेवटचा बाक

गुरुवार, ६ फेब्रुवारी

लागलं! नाव लागलं! यंदा लाल ब्लाउज मिळणाऱ्या बायकांत मीसुद्धा! मारादेबेंनी नाव वाचलं — "मादलोमो" — आणि मी एवढ्या जोरात "आमेन" म्हटलं की पुढच्या बाकावरचं बाळ रडायला लागलं.

मारादेबे म्हणजे आमच्या चर्चच्या महिला संघाच्या अध्यक्षा. कॉलरीची इस्त्री इतकी कडक की तिच्यावर कांदा चिरावा. लाल ब्लाउज हा संघाचा गणवेश, आणि तो देण्याआधी त्यांनी अट घातली आहे. दर गुरुवारी पवित्र शास्त्रातला एक भाग देणार. तो घरी वाचायचा आणि आठवडाभर तसं वागायचं. "पाठ करून मला म्हणून दाखवू नका," म्हणाल्या. "पोपट मीही पाळू शकते."

ब्लाउज मी नोव्हेंबरातच शिवून घेतलाय. हे त्यांना कोण सांगतंय!

सोमवार, १० फेब्रुवारी

पहिला भाग याकोबाच्या पत्रातला, जिभेबद्दल. एवढीशी जीभ आणि केवढी आग लावते! वाचताना ज्यांची ज्यांची नावं आठवली त्यांची मनातल्या मनात यादी केली. मग लक्षात आलं, हेच तर करायचं नाहीये.

आज नळावर कसोटीच होती. चारजणी उभ्या. विषय — दुकानदाराची मुलगी जोहान्सबर्गहून नवऱ्याशिवाय का परतली. मला सगळं ठाऊक होतं! त्यांच्यापेक्षा जास्त! ओठ घट्ट मिटून बादली भरली.

"दात दुखतोय का गं?" एकीने विचारलं.

मी मान डोलावली. म्हणजे चहाडी टळली आणि खोटं पदरात पडलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

संध्याकाळी कुंपणाशी झोलेकाला नळावरची गंमत सांगितली. झोलेका म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको, शेजारचंच घर. तो माझा भाऊ लुन्गिसा जूनमध्ये वारला. तेव्हापासून ही काळ्या कपड्यांत — काळा झगा, काळी शाल, काळा रुमाल. सुतक वर्षभराचं. मोठ्याने बोलायचं नाही, दिवस मावळायच्या आत घरात. बिचारी खुदकन हसली आणि पटकन तोंडावर हात ठेवला.

"वन्सं, तुम्ही मला हसवून पापात पाडाल."

"मग माझं पाप कमी होईल, वाटून घेऊ."

मका-घेवड्याचं भांडं नेहमीसारखं खांबावर ठेवलं. मी मागे सरले, मग तिने उचललं. सुतकातल्या बाईला हातातून हातात काही द्यायचं नसतं. तिचा अंधार आपल्याला चिकटतो. माझी आई असंच करायची, तिची आईही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

नवा भाग — प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो. सोपा! घरात एक जोडी पाय आहेतच.

गरम पाणी, साबण, टॉवेल घेऊन सोलोमझीसमोर बसले. माझा हा नवरा रेडिओ ऐकत होता. पाय पाण्यात गेले तसा रेडिओ बंद.

"काय विकत घेतलंस?"

"काही नाही हो."

"मग काय फोडलंस?"

"अहो, शास्त्रात आहे!"

"शास्त्रात आहे ते ठीक. पण तू काय केलंस?"

शेवटी चिडून टॉवेल त्याच्या अंगावर फेकला. मारादेबेंनी विचारलं तर पाय धुतले एवढंच सांगेन. टॉवेलचं शास्त्रात काही नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सोलोमझीने सकाळी न सांगता चूल पेटवली आणि मला चहा आणून दिला. रडूच येत होतं, कशाला कोण जाणे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज आरशासमोर ब्लाउज चोरून घालून पाहिला. न मिळालेला ब्लाउज घालणं म्हणजे लग्नाआधीच नांदायला जाणं! सोलोमझी नेमका आत आला. "सुंदर," म्हणाला. "आता काढ, वीज पडेल."

खरंच सुंदर दिसत होते. लाल म्हणजे प्रभूचं रक्त, पांढरी कॉलर म्हणजे शुद्ध मन, काळा स्कर्ट म्हणजे मागे टाकलेला अंधार. मरेन तेव्हा हाच घालून पुरतील. एवढा अभिमान बाळगणं बरं नव्हे, पण आहे.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

ब्लाउजचा दिवस पक्का झाला — १३ मार्च. प्रत्येकीने एक बाई निवडायची. ती उभी राहून कॉलर बसवणार, पिन लावणार. मी मारादेबेंना विचारायचं ठरवलंय. त्यांनी लावलेली पिन म्हणजे सगळ्या त्सोमो गावात चर्चा!

या आठवड्याचा भाग मार्कच्या शुभवर्तमानातला — कुष्ठरोग्याचा. छोटासाच आहे.

रविवार, २ मार्च

छोटासा कसला! तीन दिवस डोक्यातून जात नाहीये. तो माणूस म्हणतो, तुझी इच्छा असेल तर मला शुद्ध करशील. प्रभू नुसतं "हो" म्हणाला असता तरी भागलं असतं. लांबून बरे केलेले आहेतच की कितीतरी! पण नाही. आधी हात लावला. बरा झाल्यावर नाही — आधी. अंगभर रोग असताना.

तेच डोक्यात घेऊन चर्चला गेले. प्रार्थनेनंतर सगळ्या एकमेकींचे हात हातात घेतात, शांती देतात. झोलेका शेवटच्या बाकावर, दाराजवळ. काळी शाल आवळून बसलेली. हात तिच्या बाकापर्यंत येतात आणि वळतात. दर रविवारी वळतात. आज पहिल्यांदा दिसलं मला.

एके काळी हिच्या आवाजाने आमची भजनं उचलली जायची. आणि नाव तर माझ्याही आधी लागलं होतं हिचं! सुतक आलं म्हणून राहिलं.

मंगळवार, ४ मार्च

कुंपणाशी गेले. भांडं खांबावर ठेवलं आणि मागे न सरता बोलून टाकलं, "झोलेका, माझी पिन तू लावायचीस."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "वन्सं, वेड लागलं का? माझ्या हातची पिन? ब्लाउज जाईल तुमचा."

"जाईना का!"

"नोव्हेंबरपासून कपाटाला लटकवलाय, मला माहितेय. माझ्यासाठी घालवू नका."

"तुझ्यासाठी कोण घालवतंय! मार्कसाठी घालवतेय."

ती हसली नाही. भांडं न घेताच आत गेली.

गुरुवार, ६ मार्च

मारादेबेंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"काळ्या कपड्यातल्या हातांनी पांढरी कॉलर? मादलोमो, सुतक फिटू दे. पुढच्या वर्षी तिलाही मिळेल, तुलाही तिच्या हातून मिळेल."

"प्रभूने सुतक फिटायची वाट पाहिली नाही, ताई."

"मला शास्त्र शिकवू नकोस!"

"तुम्हीच तर शिकवलंत."

खरं म्हणजे हे बोलायला नको होतं. याकोब आठवला, पण उशिरा.

गुरुवार, १३ मार्च

नाही मिळाला.

बाकीच्यांना मिळाला. एकेक लाल होऊन परत आली, गाणी झाली, ढोल झाला. माझं नाव आल्यावर मारादेबेंनी विचारलं, "कोण लावणार पिन?" मी म्हटलं, "झोलेका." शेवटच्या बाकावर ती जमिनीत शिरावं तशी वाकली. मारादेबेंनी पान उलटलं आणि पुढचं नाव वाचलं. एवढंच.

घरी येऊन ब्लाउज पुन्हा कपाटाला टांगला. सोलोमझीने पाणी गरम केलं, माझे पाय त्यात बुडवले आणि काही विचारलं नाही. मी हमसून हमसून रडले. हवा होता मला तो ब्लाउज! अजूनही हवाय.

रविवार, १६ मार्च

दुपारी मारादेबे दारात! समजवायला आल्या होत्या. अर्धा तास ऐकून घेतलं. चहा दिला. मग विचारलं, सरळच, भांडायला म्हणून नाही — "ताई, तुमचे यजमान गेले त्या वर्षी तुमची पिन कोण लावायचं?"

कप तोंडाशी नेता नेता थांबला.

"मी," म्हणाल्या. "सुतक होतं, ब्लाउज घालायचा नव्हता. पण दर गुरुवारी घरात दार लावून घालायची. आरशावर सुतकाची चादर होती. पातेल्याच्या झाकणात बघून लावायची. वाकडी लागायची."

मग चहा संपवला, टोपी नीट केली आणि गेल्या. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं.

गुरुवार, २० मार्च

मुद्दामच उशिरा गेले, सगळ्या लाल बायकांत साधा झगा घालून बसायची लाज वाटत होती. आत पाहते तर प्रार्थना सुरूच नाही. सगळ्या शेवटच्या बाकापाशी रांगेत. कॉलरी उघड्या, पिना हातात. सर्वांत पुढे मारादेबे, मान वर करून, लहान मुलीसारख्या. झोलेका एकेकीची पिन लावत होती. दोघींना टोचलीसुद्धा.

मी रांगेच्या शेवटी उभी राहिले. पाळी आली. माझ्याकडे ना कॉलर, ना पिन. नुसता हात पुढे केला.

तिने तो दोन्ही हातांत धरला, तेव्हा कुठे कळलं — एवढं वाचलं, एवढी भांडले, आणि जूनपासून मीही तिला एकदासुद्धा हात लावला नव्हता.