योगीराजचा रुसवा

झरी,
मंगळवार

रा. रा. भागवतराव यांस, तुमचे दाजी वैजीनाथ यांचा झरीहून रामराम.

पत्र लिहिण्यास कारण की, फोनवर बोलायची सोय राहिलेली नाही. घरात एकजण सगळं ऐकतो आणि ऐकलेलं शिकतो. (हे लिहितानाही तो पाठीशी उभा आहे. मी कागद हातानं झाकला, तर त्यानंही आपला रिकामा तळहात झाकला.) तुमची कंबर, माधवीबाईंचे गुडघे आणि बैलांची खुरं ठीक असतील. तुमच्या थोरल्या बहीण, म्हणजे आमच्या धुरपदाबाई, पोळ्यापासून तुमच्याकडे मानवतला आहेत, त्यांचीही तब्येत बरी असेल. (मी विचारली असं सांगू नका.)

तुमची भाची राजनंदिनी पुण्याला यंत्रमाणसं बनवणाऱ्या कंपनीत आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिनं त्यातलाच एक आणून घरात उभा केला. दोन हात, दोन पाय, डोळ्यांच्या जागी काचा. "बाबा, हा माणसांत राहून माणसासारखं वागायला शिकतो. तुम्ही फक्त रोजच्यासारखं वागा," म्हणाली आणि गेली. भागवतराव, साठी उलटलेल्या माणसाला कोणी रोजच्यासारखं वाग म्हटलं, की आपण रोज कसे वागतो तेच आठवत नाही. खात नाही, पीत नाही, पापणी लववत नाही, म्हणून धुरपदाबाईंनी त्याचं नाव योगीराज ठेवलं. मला मात्र पहिल्यापासूनच शक होता. हा माझ्याकडून शिकून करणार काय? सातबाऱ्यावर नाव लावणार?

मी उंबऱ्यात खाकरून घरात शिरतो. बायामाणसांना पदर सावरायला वेळ मिळावा, ही आपली रीत. आठवडाभरात योगीराज खाकरायला लागला. घशाचा पत्ता नाही, पण खाकरणं असं भारदस्त, की ओसरीत तूर निवडणाऱ्या बाया लगबगीनं डोक्यावर पदर घ्यायच्या. मग मागून मी खाकरलो की "तुमीच हाव व्हय," म्हणून निवडत राहायच्या. शिवाय त्याच्या काचा सारख्या माझ्यावर. म्हणून दुपारी लवंडताना मी त्याच्या तोंडावर टॉवेल टाकायला लागलो. तेही तो शिकला. एकदा माझा डोळा लागला असताना त्यानं टॉवेल माझ्याच तोंडावर पांघरला आणि शेजारी हात जोडून उभा राहिला. (हात जोडणं राजनंदिनीनं आधीच शिकवून आणलेलं.) ताक मागायला आलेल्या शेजारच्या बायनाबाईंनी ते पाहून असा हंबरडा फोडला, की अर्धी गल्ली गोळा झाली. मी उठून बसलो तेव्हा काहीजणांची निराशा लपत नव्हती. भजनातला सटवाजी तर टाळ घेऊनच आला होता.

इथवर सोसलं. पण पुढचं ऐका. माझा रुसवा तुम्हाला माहीत आहे. वरणात मीठ कमी असो की मला न विचारता काही ठरलेलं असो, मी भांडत नाही. भिंतीकडे तोंड करून बसतो आणि "भूक न्हाई" एवढंच म्हणतो. मग धुरपदाबाईंनी यायचं, ताट सरकवायचं, "उठा बरं, अन्नावर राग काढू न्हाई" म्हणायचं. मी नाही म्हणायचं. त्यांनी पुन्हा यायचं. संसारभर हेच चाललं आणि कुणाची तक्रार नव्हती. (मला तरी कोणी सांगितली नव्हती.) पोळ्याला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना धुरपदाबाई योगीराजला चार्जिंगची वायर लावायला गेल्या, तर त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "भूक न्हाई."

तीच वाकडी मान, तेच डाव्या हातानं गुडघा चोळणं. सगळं घर हसायला लागलं. धुरपदाबाई म्हणाल्या, "काय झालं रे बाबा तुला?"

तो म्हणाला, "काईच न्हाई झालं. तुमी लय येळा म्हणलं की मगच जेवायचं असतंय."

पाहुणे आणखी हसले, पण धुरपदाबाई हसायच्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी ताट एकदाच ठेवलं. मी भिंतीकडे तोंड केलं, तर मागून भांडी घासल्याचा आवाज आला. मग मी खरोखरचा रुसलो. त्या पिशवी भरून मानवतच्या एसटीत बसल्या. जाताना म्हणाल्या, "दोघादोघांची मनधरणी मला व्हायची न्हाई आता."

माझा संशय असा, की हे मायलेकींनी ठरवून केलं आहे, आणि तुम्ही त्यात सामील आहात. म्हणून स्पष्ट विचारतो: हा इथं माझं जे बघतो ते तिकडे मानवतला कळतं का? कळत असेल तर त्यावर तिकडे काय बोलणं होतं? माझं इथं उत्तम चाललं आहे. कोणावाचून अडलेलं नाही.

तुमचा दाजी,
वैजीनाथ

ता. क. : उत्तम म्हणजे, भाकरी तव्याला चिकटते, एवढंच.

ता. क. २ : मुद्द्याचं राहिलंच. योगीराज आजारी आहे असं सांगून धुरपदाबाईंना पाठवून द्या. मी आजारी आहे असं सांगू नका, ते मागं बऱ्याचदा सांगून झालं आहे.

ता. क. ३ : पाकीट बंद करणार होतो, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. आज दुपारी मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. घरात बघायला कोणी नाही, तरी बसलो. मागून ताट सरकल्याचा आवाज आला. योगीराजनं बायनाबाईंनी दिलेली भाकरी आणि ठेचा वाढून आणला होता. "उठा बरं, अन्नावर राग काढू न्हाई," म्हणाला. शब्द धुरपदाबाईंचे, ढब त्यांचीच, आणि शब्दांच्या आधी त्या टाकतात तो उसासाही तसाच. भागवतराव, इतक्या वर्षांत तो उसासा मला कधी ऐकूच आला नव्हता. फार वाईट वाटलं. मी पहिल्या हाकेलाच उठलो आणि जेवलो. एवढं त्यांच्या कानावर घाला. मात्र मी कळवलं असं म्हणू नका, योगीराजनं कळवलं असं म्हणा. त्याचं त्या खरं मानतात.