आधी सही, मग पाळणा

गंगापूर रोड, नाशिक
८ जून २०२४

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार. पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय रागावायचं नाही, ही पहिली विनंती.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस, म्हणून लिहायलाच बसले. मेसेज केला असता तर आधी वहिनीने वाचला असता, मग लखनदादाने, मग चांदवडच्या अख्ख्या गल्लीने. तू शिवलेला ब्लाउज दंडाला घट्ट होतोय. माप चुकलेलं नाही, मीच वाढलेय.

आता खरं. मी मैत्रिणीबरोबर, पिंकीबरोबर, खोली घेऊन राहत नाही, समाधानबरोबर राहते, हे घरात फक्त तुला ठाऊक आहे. दोन वर्षं झाली. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचे आणि सुट्टीला मळ्यावर जाऊन आई-दादांच्या डोळ्यांत धूळ फेकायची, असं चाललंय.

समाधानच्या आईने, भागुबाईंनी, लग्नाला पुन्हा नकार दिला. सून आपल्या समाजातलीच पाहिजे म्हणतात. समाधान एकुलता एक, त्याला त्यांच्यापुढे बोलता येत नाही. पण आता त्यानेच मार्ग काढलाय. तो म्हणतो, आपण मूल होऊ देऊ. नातवाचं तोंड बघितलं की आई विरघळेल, मग लग्न थाटात करू. मलाही बाळ हवंच आहे, आत्या. सव्वीस संपतील आता. या महिन्यापासून गोळ्या बंद करायच्या असं आमचं जवळजवळ ठरलंय.

आई मला दारात उभी करणार नाही. म्हणून विचारते, बाळंतपणाला तू येशील ना?

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी,
सृष्टी


चांदवड
१३ जून २०२४

चि. सृष्टीस आत्याचे ओंजळभर आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ब्लाउजच्या बाहीत आतून दोन बोटं कापड सोडलंय, उसवून घे. तू खाण्यापिण्यात कमी पडणार नाहीस हे मला माहीत होतं.

आता दुसरं. गोळ्या बंद करू नको. लग्न होईपर्यंत मूल नको. मी चिडून लिहीत नाही, चहा पिऊन शांत बसून लिहिते आहे.

समाधान वाईट पोरगा नाही. इथे आला तेव्हा जेवल्यावर स्वतःचं ताट घासून ठेवलं त्याने, ते मी बघितलं. पण ज्याला आज आईपुढे तोंड उघडता येत नाही, त्याला उद्या खांद्यावर पोर घेतल्यावर कंठ फुटेल कसा? आणि भागुबाई नाहीच विरघळल्या तर पुढे काय, हे त्याने सांगितलंय का? तू विचारलंस का? तुमचं बाळ अजून आलंही नाही आणि तुम्ही त्याला कामाला लावलंय. डोळे उघडायच्या आधी त्याने आजीची समजूत काढायची. लहान जिवावर हे लय ओझं झालं, पोरी.

बाळंतपणाला मी येईन. डिंकाचे लाडू घेऊन येईन, सव्वा महिना राहीन, तुझ्या बाळाला रोज तेल लावीन. पण आधी लग्न. वरात नको, मांडव नको, साधी सही करून चालेल. थांबायला सांगते आहे, सोडायला सांगत नाही.

उत्तर लवकर दे. कडू लिहिलंस तरी चालेल.
तुझी,
आत्या


नाशिक
१९ जून २०२४

ती. आत्या,
नमस्कार.

कडू चालेल म्हणालीस, म्हणून लिहिते. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. आता काळ बदललाय. दाखल्यावर आईचं नाव चालतं. आमच्या सोसायटीत कोणी कोणाला विचारत नाही. माझा पगार आहे, त्याचा आहे. राहिला प्रश्न एका कागदाचा. त्या कागदाने बाप जास्त प्रेम करतो का?

आणि तू कोणाला सांगतेस एकटीने मूल वाढवायची भीती? लखनदादा पोटात असताना आतोबा अपघातात गेले. तू शिवणयंत्रावर त्याला मोठं केलंस, ट्रॅक्टरचं गॅरेज काढून दिलंस. आम्ही सगळे तुझं उदाहरण देतो. तुझं लग्न झालेलं होतं म्हणून तुला मान मिळाला, एवढाच फरक. माझ्या बाळाला तर बाप जिवंत असणार आहे.

समाधान म्हणतो, आत्या जुन्या विचारांची आहे. मी त्याच्याशी भांडले, पण आतून मलाही तसंच वाटलं.

बोलले ते बोलले. तरी तुझीच आहे.
सृष्टी


चांदवड
२७ जून २०२४

चि. सृष्टी, सुखी राहा.

हे पत्र लिहायच्या आधी मी लखनला विचारलं. तो म्हणाला, लिही. मग चार दिवस मीच हात आखडला. आता लिहिते.

तुझे आतोबा वारले नाहीत. ते सटाण्याला आहेत, धडधाकट आहेत, त्यांना सुना-नातवंडं आहेत. आणि ते तुझे आतोबा नव्हतेच कधी. माझं लग्न झालेलं नाही.

तेव्हा आपलं घर सटाण्याजवळच्या खेड्यात होतं. मी विसाव्या वर्षी शिवण शिकायला रोज सटाण्याला जायची. तो कांदा व्यापाऱ्याचा मुलगा. फसवणारा नव्हता गं, खरंच नव्हता. माझ्यासाठी रडायचा. त्याचे वडील ऐकत नव्हते. तेव्हा तो जे म्हणाला ते तू मला आठ जूनच्या पत्रात लिहून पाठवलंस. शब्दसुद्धा तेच. नातवाचं तोंड बघितलं की विरघळतील.

लखन बारा दिवसांचा असताना तुझे आजोबा, आमचे बाबा, त्याला दुपट्यात गुंडाळून त्यांच्या दारात घेऊन गेले. मी मागे उभी होते. त्याच्या वडिलांनी दार अर्धंच उघडलं आणि विचारलं, हे पोर आमचं कशावरून. तो वरच्या गॅलरीत उभा होता. त्याने वरून आमच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे बघितलं. अक्षय तृतीयेला त्याचं लग्न लागलं.

तू कागद म्हणतेस. त्या दिवशी बाबांच्या हातात तो कागद असता तर त्यांना तसं परत फिरावं लागलं नसतं. कागदाने प्रेम येत नाही, बरोबर आहे तुझं. पण ज्याला सही करायची हिंमत होत नाही, त्याची दारात उभं राहायची हिंमत होईल का, हे सहीच्या वेळीच कळतं. मला ते बारा दिवसांचं पोर हातात असताना कळलं.

मग बाबांनी घर उचललं, चांदवडला आणलं आणि लोकांना सांगितलं की जावई ट्रकच्या अपघातात गेला. तुझा बाप तेव्हा कॉलेजात होता, त्याच्याकडून देवापुढे शपथ घेतली. तेव्हापासून एकतीस वर्षं मी जिवंत माणसाची विधवा आहे. लग्नात अक्षता पडताना मागे उभी राहते. विधवा समजून दोन स्थळं आली होती. एकाला खरं सांगायची हिंमत नव्हती आणि दुसऱ्याशी खोटं बोलायची ताकद उरली नव्हती, म्हणून दोन्हींना नाही म्हटलं. तुम्ही मला मान दिलात, तो बाबांनी रचलेल्या गोष्टीला दिलात.

मला लखन झाल्याचा पश्चात्ताप नाही. एक दिवस नाही झाला. त्याच्यासाठी थांबले नाही, याचा होतो.

मी जुन्या विचारांची नाही, सृष्टी. मी तुझ्याच विचारांची होते.

तुला जड जाईल, पण दूर जाऊ नको.
आत्या


(त्याच पाकिटात)

सृष्टे,
लखनदादाचा रामराम. आईने लिहिलंय ते सगळं खरं हाय. मला लिहिता येत नाय फार, पण दोन गोष्टी सांगतो.

आजोबा दर सर्वपित्रीला माझ्या हातून बापाच्या नावाने कावळ्याला घास ठेवून घ्यायचे. मी पाच वर्षांचा असल्यापासून ठेवायचो. कावळा शिवला नाय की मी रडायचो, बाप रागावला म्हणून. सोळाव्या वर्षी आईने खरं सांगितलं. मी एसटीने सटाण्याला गेलो. तो माणूस कांद्याच्या लिलावात उभा होता. मी जवळ जाऊन स्टँडचा रस्ता विचारला. त्याने हात करून दाखवला आणि म्हणाला, जपून जा पोरा. चांगला बोलला. त्याने ओळखलं नाय मला. मी एसटीत बसून घरी आलो.

आई मला कधीच कमी पडली नाय, हे लक्षात ठेव. तरी खरं कळल्यावर शाळेत बापाचं रचलेलं नाव सांगताना माझी जीभ अडायची. मी लग्नाआधी तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं, कारण खोट्यावर घर उभं राहिलेलं मी बघितलंय.

तुझं पोर यावं, दणक्यात यावं. फक्त त्याला कोणाला स्टँडचा रस्ता विचारायला लागू नये.

तुझा,
लखनदादा


नाशिक
१४ जुलै २०२४

ती. आत्या आणि लखनदादा,
दोघांनाही डोकं टेकवून नमस्कार.

पाकीट मी दुकानात उघडलं. डोळे तपासायच्या खोलीतले दिवे घालवून बसले, बाहेर दोन गिऱ्हाईकं थांबली होती. नंतर त्यातल्या एकाचा नंबर मला तीनदा तपासावा लागला. माझ्या १९ जूनच्या पत्राबद्दल क्षमा मागायला शब्द नाहीत, म्हणून काय केलं तेवढं सांगते.

गोळ्या चालू आहेत. समाधानला मी तुमचं नाव न घेता सगळं सांगितलं. तो चिडला. म्हणाला, म्हणजे माझ्यावर विश्वास नाही. मी म्हटलं, विश्वास आहे म्हणून तर तारीख मागतेय. तो म्हणाला दिवाळीनंतर बघू. मी म्हटलं, पाच ऑगस्टला सकाळी अकरा वाजता मी विवाह नोंदणीच्या कार्यालयात नोटीस द्यायला उभी असेन. तू आलास तर दोघांची, नाही आलास तर मी तशीच कामावर जाईन.

मग बॅग भरली आणि पंचवटीत पिंकीकडे आले. आता खरोखरच पिंकीबरोबर राहते! रविवारी मळ्यावर जाऊन आई-दादांना माझं सगळं सांगितलं. आईने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी शेवंतीची पाटी बाजारात उतरवायला आली, तेव्हा वाट वाकडी करून पिंकीकडे आली. माझ्यासाठी मेथी निवडून आणली होती. दादा फक्त एवढंच म्हणाले की पाच तारखेला ते माझ्याबरोबर येतील.

मला भीती वाटते, आत्या. तो नाही आला तर मी मोडेन. पण मोडायचंच असेल तर एकटीने, कुणाला कडेवर घेऊन नाही.

अशीच पाठीशी राहा.
तुमची,
सृष्टी


चांदवड
२० जुलै २०२४

चि. सृष्टीस उदंड आशीर्वाद.

थोडंच लिहिते, डोळे भरतात. अकराचे बारा होऊ दे, एवढी सवलत त्याला दे, गंगापूर रोडला गर्दी असते. बाराचा एक होऊ देऊ नको. नाही आला तर कामावर जा, संध्याकाळची एसटी पकड आणि इकडे ये. मी काही विचारणार नाही, गरम भाकरी वाढीन.

तू मोडणार नाहीस. आपल्या घरातल्या बायका वाकतात, हे मला माहीत आहे.

तुझीच,
आत्या


नाशिक
६ ऑगस्ट २०२४

ती. आत्या,
नमस्कार, आणि नमस्कारासोबत पेढे समजून घे.

तो आला. अकरा चाळीसला. दादा तोवर चार वेळा घड्याळ बघून झाले होते आणि मी जिन्यावरची फरशी मोजत होते. त्याचे डोळे सुजलेले होते. आदल्या दिवशी तो भागुबाईंकडे जाऊन आला होता. त्यांनी खूप सुनावलं, मुलगा मेला समजेन म्हणाल्या. तो म्हणाला, मी ऐकत बसलो, आई थांबेपर्यंत उठलो नाही. मग तिला सांगितलं की पुढच्या महिन्यात लग्न आहे आणि तुझ्यासाठी खुर्ची ठेवणार आहे.

नोटिशीवर सही करून बाहेर आल्यावर तो मला म्हणाला की आईसमोर उभं राहायचं काम माझं होतं, ते मी जन्माला न आलेल्या बाळावर ढकलत होतो. दादांनी ते ऐकलं. त्यांनी त्याला रसवंतीवर नेऊन उसाचा रस पाजला. ग्लास दोन-दोन झाले.

नोटीस महिनाभर फळ्यावर राहील, मग बारा सप्टेंबरला लग्न. तोवर मी पिंकीकडेच. तीन साक्षीदार लागतात. दादा एक, लखनदादा दुसरा. तिसरी तू. नाही म्हणायचं नाही. विधवा साक्षीला चालते का, असं विचारशील तर मी भांडेन, कारण तू विधवा नाहीस.

तुझ्या सहीची वाट बघते.
सृष्टी


चांदवड
२१ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. सृष्टी आणि चि. समाधान यांस,
आत्याचे दोन्ही हातांनी आशीर्वाद.

तुमच्या लग्नात मी सही केली तेव्हा बाबांच्या नावासकट पूर्ण नाव लिहिलं, चांगुणा गोटीराम. भागुबाईंची खुर्ची रिकामी राहिली. राहू द्या. समाधान दर रविवारी जाऊन दारातून का होईना बोलून येतो असं तू लिहिलंस, तेवढं चालू ठेवा. पाळणा कधी हलवायचा ते तुम्ही दोघं ठरवा. मी विचारणार नाही. विचारलंच तर लखनने मला टोकायचं ठरलंय.

आता इकडची बातमी. माझ्या शिवणक्लासमधली एक पोरगी, एकोणीस वर्षांची, शिलाई घालता घालता रडायला लागली. बाकीच्यांनी छेडलं तेव्हा कळलं की तिलाही कोणी तरी तेच सांगतंय, पोर झालं की घरचे मानतील. मी मशीन थांबवलं. नऊच्या नऊ पोरींना खाली बसवलं आणि माझं सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसं. थांबा म्हटलं. ज्याला तुम्ही हव्या आहात त्याला आधी सही करू द्या, तुमचं बाळ कुठे पळून जात नाही.

दुसऱ्या दिवशी पाच पोरी आल्या नाहीत. गिरणीवर एका बाईने विचारलं, किती वर्षं फसवलंत आम्हाला. मी म्हटलं, एकतीस. संध्याकाळी लखनने मला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि बाजारपेठेतून इतक्या हळू नेलं की लोकांना बघायला पुरेसा वेळ मिळाला. तो सगळ्यांना रामराम घालत होता. घरी आल्यावर मी रडले, तो जेवला.

काल त्या पाचांपैकी एकीची आई आली. मुलीला घेऊन आली होती. दारातच म्हणाली, पोरीने सांगितलं ते अर्धंमुर्धं कळलं, तुमच्या तोंडून पुन्हा एकदा सांगा, मीही ऐकते. मी त्यांना आत बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं.

उद्या पुन्हा क्लास आहे. पाच मशीन चालू आहेत, चार झाकून ठेवलीत. ज्या येतील त्यांना बाही कापायला शिकवीन, आणि कोणी विचारलं तर तेही सांगीन.

दिवाळीला दोघं या. आलात तर आनंद, नाही आलात तर पत्र तरी टाका.
तुमची,
आत्या