दोन कच्चे टाके

अण्णा, परवा नगरच्या दवाखान्यात माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पापण्या बाहेरच्या कडेला थोड्या शिवून घेतल्या. दुखणं आईचंच, थायरॉइडचं. डोळे इतके बाहेर येतात की पापण्या मिटत नाहीत आणि बुबुळ वाळत जातं. अर्ध्या तासात घरी सोडलं. तुमच्याकडे नुसतं हुक लावायला बायका आठवडाभर खेटे घालायच्या.

तुम्ही राहात्यातले नामांकित टेलर, दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. दुपारी आई जरा आडवी झाली की तिचे डोळे अर्धे उघडेच राहायचे, आणि तुम्ही मशीनवरून ओरडायचात, "डोळं वटारून काय बघती माझ्याकडं?" झोपलेल्या बाईला! गिऱ्हाईक आलं की तिनं पदर पुढे ओढून आत जायचं, हा तुमचा नियम. आईच्याही पापण्या अशाच शिवायचं नगरच्या डॉक्टरीणबाईंनी किती सोपं करून सांगितलं होतं. "टेलर आहात ना? कच्चा टाका समजा. डोळे निवले की उसवून टाकू." तुम्ही ऐटीत उठलात. "उसवलं तरी भोकं ऱ्हात्यात, बाई. शिवलेल्या डोळ्यांची बायको घरात ठिवून गिऱ्हाईक पळवू व्हय?" जन्मभर कच्चे टाके घालून उसवणाऱ्या माणसाला कच्चा टाका कळला नाही! दोन महिन्यांत आईच्या उजव्या बुबुळावर जखम झाली, ती चिघळली आणि डोळा कायमचा गेला. मग तुम्ही काळा चष्मा आणलात, आणि बायकोसाठी खास नगरहून आणला म्हणून गावभर मिरवलात. तुमच्या दहाव्याला लोक म्हणाले, हातात कला होती. होती की. डोक्यात मात्र भुसा भरलेला होता.

आज आरशात पाहिलं. डोळे कडेला जरा बारीक दिसतात, बाकी काही नाही. एवढ्यासाठी तुम्ही तिचा डोळा घालवलात, आणि मला तुमची अजूनही किळस येते.

हे पत्र तुमच्या मशीनच्या खणात ठेवते आहे, तिथे कुणी बघत नाही. पण एक लिहायचं राहिलं. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मी आईशेजारीच बसले होते. त्याच रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते, आणि तुमचा नकार ऐकून मला हायसं वाटलं होतं. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या चपला पुढे सरकवल्या.