निळ्या हौदाची परीक्षा

दि. ३ मार्च

चि. खारूताईस, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र, कोळशाचा डबा आणि बाटली ही सर्व पोचली. पत्रात ‘शुद्ध’ हा शब्द तू अशुद्ध लिहिला आहेस. पाण्याचे काय करणार, ते दिसतेच आहे.

गटाराचा गाळ बिनहवेच्या भट्टीत भाजायचा, त्या कोळशाने आपल्या रंगकारखान्याचे निळे सांडपाणी धुवायचे, आणि यास संशोधन म्हणायचे! महिनाअखेर हौद निळा दिसल्यास कारखान्यास टाळे ठोकीन, असे तपासनिसाने बजावले आहे; म्हणून नाक दाबून प्रयोग केला. घागरभर पाणी निवळले. तुझे वडील टाळ्या पिटू लागले. मी रंगारी आहे, भुललो नाही. तो कोळसा सोड्याच्या पाण्यात उकळला, पाणी गाळून त्यात पांढरे कापड बुडवले. कापड निळे! तुझा कोळसा रंग तोडत नाही, नुसता पिऊन बसतो. पुरावा सोबत जोडला आहे.

बाटली उघडली नाही. कर्तबगार कोळशास बाटलीचा आधार कशाला?

लोभ आहेच, तो वाढावा असे काही करून दाखव.

तुझा आजोबा

दि. ९ मार्च

ती. आजोबांस, सा. न. वि. वि.

निळं कापड मिळालं. आमच्या प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, असा परीक्षक आपल्याकडे हवा. पण आजोबा, बाटली का नाही उघडलीत? गाळात लोह असतं. ते बाटलीतल्या पेरॉक्साईडला डिवचतं, तेव्हा कुठे रंग तुटतो. काडी न ओढताच तुम्ही चूल थंड म्हणताय!

बाबांचा फोनवरचा आवाज ऐकवत नाही हो. टाळं लागलं तर ते कोलमडतील. एकदाच हट्ट सोडा.

लोभ ठेवा, आणि बूच काढा.

तुमची खारूताई

दि. १६ मार्च

चि. खारूताईस, अनेक उत्तम आशीर्वाद.

बूच काढले. पाणी निवळले. कोळसा पूर्वीप्रमाणेच उकळला, कापड बुडवले. जसे गेले, तसेच बाहेर आले. उन्हात धरून पाहिले, भिंगाखाली पाहिले. तुझे वडील तोंड फिरवून हसत होते. माझ्या कढईतून कापड कोरे परतल्याचा प्रसंग हयातीत आला नव्हता. हा माझ्या धंद्याचा धडधडीत अपमान आहे, आणि तपासनिसास पहिल्याच नजरेस पडावा म्हणून तो मी फाटकाशी वाळत घातला आहे.

हौद मोठा आहे. डब्याने भागणार नाही. तुझी ती घाण पोत्यांनी पाठव. बाटल्या विसरू नकोस.

लोभ होताच, तो वाढला, असा समज करून घेऊ नये.

तुझा आजोबा